परदेशी वर्गणी आणि देशी विश्वास : रमाबाई असोसिएशनच्या निधिसंकलनाचा इतिहास (१८८७–१८९८)

प्रस्तावना

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर धडक दिली आणि श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन, दिवेआगर व आसपासच्या गावांतील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. अशा आपत्तीनंतर कोकणात मदत येते ती सामान्यतः तीन वाटांनी. पहिली वाट शासनाच्या नुकसानभरपाईची, दुसरी मुंबईत राहणाऱ्या गावकरी मंडळांच्या वर्गणीची, आणि तिसरी स्वयंसेवी संस्थांची. पहिल्या दोन वाटांमागील प्रेरणा सहज समजते. शासनाचे ते कर्तव्य असते आणि मुंबईकराचे गावाशी रक्ताचे नाते असते. तिसऱ्या वाटेने येणारा पैसा मात्र अशा माणसाच्या खिशातून निघालेला असतो, ज्याने हे गाव पाहिलेले नाही आणि बहुधा कधी पाहणारही नाही. त्याला पैसे देण्यास कोण प्रवृत्त करते, कोणत्या शब्दांत प्रवृत्त करते, आणि ते शब्द ज्यांच्यासाठी पैसा मागितला त्यांच्या कानावर परत येतात तेव्हा काय घडते, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावेत असे आहेत.

परदेशातील सामान्य नागरिकांकडून लहान-लहान रकमा गोळा करून दूरच्या देशात कार्य करणाऱ्या संस्था म्हटले की १९१९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली 'सेव्ह द चिल्ड्रन' किंवा १९४२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दुष्काळनिवारण समिती म्हणून सुरू झालेली 'ऑक्सफॅम' यांची नावे पुढे येतात. वार्षिक वचनबद्ध वर्गणी, गावोगावची मंडळे, प्रतिष्ठितांची अध्यक्षीय नामावली, छापील अहवाल, व्याख्यानदौरे ही या संस्थांची साधने होत. तथापि ही सर्व साधने एकत्रितपणे वापरून महाराष्ट्रातील एका संस्थेसाठी पैसा उभा करण्याचा प्रयोग त्यांच्यापूर्वी कितीतरी वर्षे होऊन गेला होता. तो १८८७ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात सुरू झाला आणि त्याच्या केंद्रस्थानी पंडिता रमाबाई होत्या. रमाबाईंच्या चरित्रावर व धर्मांतरावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. शारदा सदनाच्या वादाची चर्चाही बहुतांशी धर्मांतराच्या अंगानेच झाली. त्या वादाच्या मुळाशी निधी उभारण्याची पद्धती कशी होती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्गणी देणारा समाज

रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या त्या वेळी तेथील मध्यमवर्गीय स्त्रियांना परदेशातील कार्यासाठी पैसे देण्याची सवय लागून सुमारे दोन दशके झाली होती. अंतर्गत यादवी युद्धात जखमी सैनिकांसाठी काम करताना या स्त्रिया सभा चालवणे, हिशेब ठेवणे, वर्गणी जमवणे शिकल्या. युद्ध संपल्यावर तेच कौशल्य त्यांनी धर्मकार्य व समाजकार्याकडे वळवले. १८६९ मध्ये बोस्टन येथे मेथडिस्ट पंथाच्या स्त्रियांनी परदेशी कार्यासाठी मंडळ स्थापन केले. प्रत्येक सभासद स्त्रीने आठवड्याला दोन सेंट द्यावेत असा त्यांचा नेम होता. दोन सेंट ही रक्कम क्षुल्लक खरी. परंतु पतीची परवानगी न घेता घरखर्चातून बाजूला काढता येईल एवढीच ती होती, आणि त्यातच या पद्धतीचे यश होते. याच मंडळाने पाठविलेल्या इझाबेला थोबर्न व क्लारा स्वेन यांनी उत्तर हिंदुस्थानात शाळा व दवाखाना उभारला.

छापील मजकुराचे सामर्थ्यही या समाजाला ठाऊक होते. गोपाळराव जोशी यांनी आपल्या पत्नीच्या शिक्षणासंबंधी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आले, ते न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आले आणि त्यातूनच पुढे आनंदीबाईंचा अमेरिकाप्रवास घडला, ही हकीगत सर्वश्रुत आहे. एका अनोळखी बाईच्या हाती पडलेला एक छापील कागद काय करू शकतो, याचा हा मराठी समाजाला आलेला आरंभीचा अनुभव म्हणावा लागेल.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना फिलाडेल्फिया येथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. पण तेथील धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे मतभेद वाढत गेले होते आणि विधवांच्या शाळेची त्यांची कल्पना तेथे मूळ धरू शकली नव्हती. अमेरिकेत काही दिवस राहावे म्हणून आलेल्या रमाबाई जवळजवळ पावणेतीन वर्षे तेथे राहिल्या.

पुस्तक हेच भांडवल

निधिसंकलनाचे पहिले साधन म्हणजे रमाबाईंचे पुस्तक. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. त्याला आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांची प्रस्तावना होती. आनंदीबाईंचे निधन २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झाले. पुस्तक त्यानंतर काही महिन्यांतच वाचकांच्या हाती पडले. आनंदीबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या, त्यांच्या पदवीदानाच्या वार्ता वाचलेल्या अमेरिकन वाचकांच्या मनात त्या मृत्यूची जखम ताजी होती, ही गोष्ट पुस्तकाचा परिणाम मोजताना विसरता येत नाही.

पुस्तकाची रचना पाहिली तर निधी मागण्याच्या शास्त्रातील तो एक वस्तुपाठ वाटतो. आरंभीच्या प्रकरणांत हिंदू स्त्रीच्या आयुष्याच्या अवस्था क्रमाने येतात: बालपण, विवाह, सासर, वैधव्य. मग १८८१ च्या शिरगणतीचे आकडे येतात. हिंदुस्थानातील एकूण विधवांची संख्या २,०९,३०,६२६. त्यांपैकी एकोणीस वर्षांपर्यंतच्या ६,६९,१००, आणि त्यांतही नऊ वर्षांपर्यंतच्या ७८,९७६. शेवटी आवाहन येते. आधी एका मुलीचे दुःख, मग लक्षावधींची संख्या आणि त्यानंतर वाचकाने काय करावे याचा स्पष्ट निर्देश, हा क्रम रमाबाईंनी आत्मसात केला होता. आजही मदतसंस्थांची माहितीपत्रके याच क्रमाने लिहिली जातात. फरक एवढाच की रमाबाईंनी ते स्वतःच्या आयुष्यातून लिहिले होते. आईवडील व बहीण दुष्काळात गमावलेली आणि स्वतः विधवा असलेली स्त्री ते लिहीत होती.

पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. व्याख्याने हे दुसरे साधन होते. पांढरे लुगडे नेसलेली, मांसाहार न करणारी, संस्कृत पंडिता म्हणून ओळखली जाणारी ही तरुण विधवा ख्रिस्ती असूनही सर्व बाह्य लक्षणांनी हिंदू राहिली होती. श्रोत्यांवर त्याचा विलक्षण प्रभाव पडे. दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी रमाबाईंचा स्नेह जुळला आणि त्यांच्या संघटनेच्या गावोगाव पसरलेल्या शाखांमुळे त्यांना आयता श्रोतृवर्ग लाभला. अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत त्या फिरल्या. स्त्रीसंघटनांच्या या जाळ्याचे त्यांना एवढे कौतुक वाटले की १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या आपल्या मराठी ग्रंथात त्यांनी मराठी वाचकांना त्याची सविस्तर ओळख करून दिली.

असोसिएशनची घडण

पुस्तक आणि व्याख्यान यांतून उत्साह निर्माण होतो, पण उत्साह ओसरतो. दरवर्षी भाडे, पगार व धान्य यांसाठी नियमित पैसा लागतो. या जाणिवेतून १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय विधवांसाठी रमाबाई जी शाळा काढतील तिला दहा वर्षे आर्थिक आधार देणे हे तिचे उद्दिष्ट होते. निरनिराळ्या शहरांत 'रमाबाई सर्कल' या नावाने लहान मंडळे निघाली. त्यांच्या सभासदांनी दहा वर्षे दरवर्षी ठरावीक वर्गणी देण्याचे वचन दिले. ही वर्गणी बोस्टनच्या मध्यवर्ती समितीकडे जमा होई व तेथून हिंदुस्थानात पाठविली जाई. समिती वार्षिक अहवाल छापून वर्गणीदारांना देई. रमाबाईंची पत्रे अशा अहवालांचा मोठा आधार असत.

या रचनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली मुदतीची. दहा वर्षांची मर्यादा घातल्याने देणाऱ्याला आपण कायमच्या ओझ्याखाली जात आहोत असे वाटत नव्हते आणि घेणाऱ्या संस्थेला स्वावलंबनाची तारीख आधीच कळत होती. रमाबाईंनी ही तारीख किती गांभीर्याने घेतली, ते पुढे दिसेल. दुसरी गोष्ट चलनाची. वर्गणी सोन्याच्या डॉलरमध्ये जमे आणि चांदीच्या रुपयात खर्च होई. १८७० च्या दशकाच्या आरंभी एका डॉलरला दोन रुपयांच्या आसपास मिळत. चांदीचे भाव कोसळत गेल्याने १८९४ च्या सुमारास तोच डॉलर साडेतीन रुपयांच्या पुढे गेला. हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीला ज्या घसरणीने घोर लावला, तीच शारदा सदनासारख्या परदेशी वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या पथ्यावर पडली. हिंदुस्थानात चाललेल्या मिशनांच्या हिशेबांतही हा लाभ दिसला पाहिजे. अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

असोसिएशनचे अध्यक्षपद युनिटेरियन पंथाचे एडवर्ड एव्हरेट हेल यांच्याकडे होते. उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रूक्स, काँग्रिगेशनल पंथाचे जॉर्ज गॉर्डन आणि फ्रान्सिस विलर्ड यांचा समावेश होता. एरव्ही एकमेकांच्या व्यासपीठावर क्वचितच बसणारी ही मंडळी एकत्र आली, याचे कारण संस्था कोणत्याही पंथाची नसेल हा नियम. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे ठरले. हा नियम निधिसंकलनाच्या दृष्टीने अमोल होता. सर्व पंथांच्या लोकांकडून पैसा घेता यावा यासाठी संस्थेने एकाही पंथाची असू नये, हे बोस्टनमध्ये सर्वांना पटणारे होते.

तोच नियम पुण्या-मुंबईतही उपयोगी पडला, पण वेगळ्या अर्थाने. बोस्टनच्या दात्याच्या मनात त्याचा अर्थ 'ख्रिस्ती पंथांपैकी कोणत्याही एकाची नव्हे' असा होता. पुण्याच्या पालकाच्या मनात त्याचा अर्थ 'ख्रिस्ती धर्माचा स्पर्शही नसलेली' असा होता. एकाच शब्दावर दोन ठिकाणी विश्वास ठेवला गेला आणि तो शब्द दोन्हीकडे एकाच गोष्टीचे नाव आहे असे काही काळ सर्वांनी गृहीत धरले. शारदा सदनाच्या पुढील संकटाचे बीज रमाबाईंच्या स्वभावात किंवा टिळकांच्या लेखणीत शोधण्यापूर्वी या ठिकाणी शोधले पाहिजे.

शारदा सदन : दोन वाचकांसाठी एक मजकूर

१ फेब्रुवारी १८८९ रोजी रमाबाई मुंबईत परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदनाचे उद्घाटन झाले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई ही रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखची बालविधवा. पुढे ती धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली व 'बाया कर्वे' म्हणून प्रसिद्धी पावली. संस्थेला स्थानिक सल्लागार मंडळाचा आधार होता. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास आले.

सल्लागार मंडळाने पैसा दिला नव्हता, दिला होता तो भरवसा. पुण्यातील एखाद्या भिक्षुकाने किंवा कारकुनाने आपली विधवा मुलगी ख्रिस्ती बाईच्या घरी शिकावयास ठेवावी, तर तिच्यामागे रानड्यांचे नाव असणे आवश्यक होते. म्हणजे संस्थेला दोन प्रकारचे भांडवल लागत होते. एक बोस्टनमध्ये डॉलरच्या रूपाने जमत होते, दुसरे पुण्यात विश्वासाच्या रूपाने. दोन्हींपैकी एक आटले तरी संस्था बंद पडणार होती. डॉलरशिवाय वसतिगृह चालणार नव्हते आणि विश्वासाशिवाय त्यात राहावयास मुली येणार नव्हत्या.

पहिला तडा फार लवकर गेला. १८८९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील काही विधवांना ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटू लागल्याचा मजकूर आला. तो अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेला होता. आपल्या पैशाचे सार्थक होत आहे असे वाटावे, हा अशा मजकुराचा नेहमीचा हेतू असतो. तो पुण्यात कोणी वाचील अशी लेखकाची कल्पनाही नसावी. परंतु टपालाची बोट दोन्ही दिशांना जाते. 'केसरी'ने तो मजकूर पुढे आणला आणि संस्थेच्या तटस्थतेविषयी उघड शंका घेतली. दात्याला दाखविलेले चित्र पालकाच्या हाती पडले. रमाबाईंनी व त्यांच्या सल्लागारांनी त्या वेळी वाद शमविला, तरी 'केसरी'चा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला: ज्यांच्या पैशावर संस्था चालते, त्यांची अपेक्षा काय आहे?

टिळकांच्या टीकेत स्त्रीशिक्षणाविरुद्धचा पूर्वग्रह होता, हे नाकारता येत नाही. त्यांनी रमाबाईंना दिलेली वागणूक औदार्याची नव्हती. तथापि पैशाच्या उगमाविषयीचा त्यांचा प्रश्न केवळ पूर्वग्रह म्हणून बाजूला सारता येत नाही. १९७६ साली संसदेने विदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा केला, २०१० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आणला, आणि २०२० च्या दुरुस्तीने अशा देणग्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच स्वीकारण्याचे बंधन घातले. त्यामागील संशय 'केसरी'च्या संशयाचाच वंशज आहे. त्याचा उपयोग आणि दुरुपयोग हा वेगळा विषय होय.

१८९३ मध्ये स्फोट झाला. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली त्यांच्यासोबत बसू लागल्या होत्या. रमाबाईंच्या दृष्टीने हे स्वातंत्र्यच होते: कोणाला बोलावले नव्हते, कोणाला रोखलेही नव्हते. सल्लागारांच्या दृष्टीने अल्पवयीन, सर्वस्वी परावलंबी मुलींच्या बाबतीत उघडे दार हेच निमंत्रण होते. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्याचे भांडवल बुडाले.

बोस्टनचे मात्र टिकले. असोसिएशनच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्युडिथ अँड्र्यूज यांनी हिंदुस्थानात येऊन प्रत्यक्ष पाहणी केली आणि समिती रमाबाईंच्या पाठीशी राहिली. येथे निधीच्या उगमाचा परिणाम स्पष्ट दिसतो. पैसा पुण्यातून येत असता तर १८९३ मध्येच सदन बंद झाले असते, किंवा रमाबाईंना माघार घ्यावी लागली असती. दूरच्या पैशाने त्यांना स्थानिक दडपणापासून स्वातंत्र्य दिले; त्याच पैशाने त्यांना स्थानिक समाजापासून तोडलेही.

ब्रुकलिनमधील वाद

या प्रकरणाचे एक टोक अमेरिकेतही उघडे पडले. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेनंतर स्वामी विवेकानंद अमेरिकेत व्याख्याने देत होते. हिंदू समाज व स्त्रिया यांविषयी त्यांनी रंगविलेले चित्र रमाबाई सर्कलच्या सभासदांनी ऐकलेल्या चित्राहून अगदी वेगळे होते. १८९५ मध्ये ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलने त्यांच्या प्रतिपादनाला जाहीर आक्षेप घेतला आणि वृत्तपत्रांत वादविवाद झाला. विवेकानंदांना रमाबाईंचे चित्र आपल्या देशाची मानहानी करणारे वाटे. सर्कलच्या स्त्रियांची अडचण निराळी होती. ज्या दुःखाच्या वर्णनावर विश्वास ठेवून त्या आठ वर्षे वर्गणी देत आल्या होत्या, ते दुःखच नाही असे कोणी व्यासपीठावरून सुचवले तर त्यांच्या देण्याला अर्थ उरत नव्हता. विशेष म्हणजे विवेकानंदांनी आपल्या एका व्याख्यानाचे उत्पन्न बंगालमधील शशिपद बॅनर्जी यांच्या विधवाश्रमासाठी दिले. विधवांची स्थिती सुधारावी याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता. भांडण होते ते परक्यांपुढे ती स्थिती कोणत्या शब्दांत मांडावी याचे.

फळबाग आणि प्रार्थना

दहा वर्षांची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. रमाबाईंनी त्यासाठी आधीच तजवीज केली. पुणे–सोलापूर लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. बोस्टनची वर्गणी थांबल्यावर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा हेतू होता. देणगीवर उभ्या राहिलेल्या संस्थेने स्वतःची जमीन कसून स्वावलंबी व्हावे, ही कल्पना त्या काळात तरी दुर्मीळच होती. कोकणातील वाडीवाल्याला या हिशेबातील धोका लगेच कळेल: झाड लावल्यापासून फळ हाती येईपर्यंतची वर्षे कोणाच्या आधारावर काढायची?

तेवढी वर्षे मिळालीच नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे अनाथ मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर नेणे भाग पडले. फळबागेच्या जागी वसाहत उभी राहिली. तिलाच पुढे 'मुक्ती' हे नाव मिळाले. या मुली उच्चवर्णीय विधवांपुरत्या मर्यादित नव्हत्या आणि मुक्ती ही आरंभापासून उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. म्हणजे बोस्टनच्या मूळ कराराच्या दोन्ही अटी मागे पडल्या. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या, दहा वर्षांचा वृत्तांत सादर केला, जुनी असोसिएशन विसर्जित झाली आणि 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' ही नवी संस्था स्थापन झाली.

मुक्तीच्या खर्चासाठी रमाबाईंनी आता दुसरा आदर्श स्वीकारला. ब्रिस्टल येथील अनाथालयाचे संस्थापक जॉर्ज म्युलर कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो मुलांचा सांभाळ करीत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. परंतु म्युलर पैसे मागत नसले तरी वार्षिक वृत्तांत नेमाने छापीत आणि तो दूरवर वाचला जाई. 'मुक्ती'नेही 'मुक्ती प्रेयर बेल' हे इंग्रजी पत्रक काढले. कोणाकडे मागणी करावयाची नाही, पण गरज काय आहे हे सर्वांना कळेल अशी व्यवस्था ठेवावयाची, अशी ही पद्धती होती. तिचा एक लाभ असा की वर्गणीदारांची समिती, तिचे ठराव, तिच्या अटी यांचा जाच राहिला नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडपर्यंत आधार देणारे लोक निर्माण झाले. तोटा असा की पुण्यातील समाजाला उत्तर देण्याची गरजही उरली नाही.

त्याच दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने अस्थिपंजर झालेल्या माणसांची छायाचित्रे छापून वाचकांकडून मोठा निधी जमविला आणि १९०० मध्ये 'क्विटो' या बोटीने मका मुंबईस पाठविला. चित्राने शब्दाची जागा घेण्यास येथून प्रारंभ झाला.

खाडीपलीकडचा फंड

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. धोंडो केशव कर्वे यांचा त्याआधी पाच दिवस, १८ एप्रिल १८५८ चा. कर्वे मुरूडचे. हे जंजिऱ्याचे मुरूड नव्हे, तर बाणकोटच्या खाडीपलीकडे दापोली तालुक्यातील मुरूड होय. गाव सोडून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात अल्प रक्कम गावासाठी बाजूला काढावी, या कल्पनेतून त्यांनी तरुणपणीच 'मुरूड फंड' उभा केला होता. मुंबईतील ग्राममंडळांच्या वर्गणीची पद्धत आजही कोकणात गावोगाव पाहावयास मिळते, तिच्या पूर्वजांमध्ये या फंडाची गणना करावयास हरकत नाही. लहान रक्कम, नियमितपणा व हिशेब ही त्याची अंगे रमाबाई सर्कलच्या अंगांशी तंतोतंत जुळतात. मात्र येथे देणारा त्या गावचाच होता.

११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाच्या उद्घाटनाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, कर्व्यांनी सदनातील गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर पाच महिन्यांनी सदनाचे सल्लागार बाहेर पडले. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी भांडारकर होते. पुण्याने शारदा सदनातून काढून घेतलेला विश्वास हिंदू व्यवस्थापनाखालील आश्रमात गुंतविला, असे म्हणता येईल. कर्व्यांनी स्वतःजवळचे एक हजार रुपये दिले आणि सुट्टीत गावोगाव फिरून रुपया-दोन रुपये जमविले. पुढे हिंगणे येथे आश्रमाला स्वतःची जागा मिळाली.

देशी वर्गणी ही अटींपासून मुक्त होती असा समज मात्र करून घेऊ नये. पुनर्विवाह हा कर्व्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी निर्णय होता. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्याबद्दल त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. तरीही आश्रमाच्या उद्दिष्टांत त्यांनी विधवाविवाहाला स्थान दिले नाही. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी आहे, त्यांची लग्ने लावण्यासाठी नव्हे, हे त्यांना वर्गणीदारांना वारंवार सांगावे लागे. बोस्टनच्या दात्यांनी रमाबाईंकडून पंथ बाजूला ठेवण्याचे वचन घेतले होते. पुण्याच्या दात्यांनी कर्व्यांकडून पुनर्विवाह बाजूला ठेवविला. कोणता त्याग मोठा, याचा निवाडा इतिहासाला करता येण्याजोगा नाही.

आश्रमासाठी वर्गणी जमविणाऱ्यांत बाया कर्व्यांची बहीण पार्वतीबाई आठवले अग्रभागी होत्या. देवरुखच्या या विधवेला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी आश्रमासाठी पैसा आणला आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी व संस्थेचे कार्य सांगण्यासाठी थेट अमेरिका गाठली. ज्या देशात तीस वर्षांपूर्वी रमाबाईंसाठी सभागृहे भरत होती, तेथे पार्वतीबाईंना पोटासाठी घरकाम करावे लागले. त्यांच्यामागे सर्कल नव्हते, छापील पुस्तक नव्हते, प्रतिष्ठित उपाध्यक्षांची नामावली नव्हती. १९२० मध्ये त्या परतल्या आणि पुन्हा हिंगण्याच्या कामाला लागल्या. त्याच वर्षी विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्री नाथीबाई दामोदर यांचे नाव जोडले गेले.